साठ दिवसांत एक शब्द

आमच्या दप्तरखान्यात नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक माणसाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते: अक्षराकडे बघू नका, आकड्याकडे बघा. माझ्या पाठीमागे मला 'आकडेबाई' म्हणतात हेही मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. पंधरा वर्षं मी हेच काम करते आहे. बंद पडलेल्या छापखान्यांतून, ग्रामपंचायतींच्या कपाटांतून, कुणाच्या तरी आजोबांच्या कॉम्प्युटरमधून जुन्या मराठी फायली येतात. उघडल्या की नुसता कचरा दिसतो, आणि त्या कचऱ्यातून मी पुन्हा मराठी काढून देते. या कामात माझ्याइतकी तयार माणसं महाराष्ट्रात फार नसतील. ही फुशारकी नाही. पुढे जे घडलं ते कुणा अडाण्याच्या हातून घडलं असं वाटू नये, म्हणून आधीच सांगून ठेवते.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. आपण कळ दाबतो, आत एक आकडा जातो, आणि त्या आकड्यासमोर जे चित्र नेमून दिलेलं असेल ते स्क्रीनवर उमटतं. आज जगभर 'क'साठी एकच आकडा ठरलेला आहे, त्यामुळे सांगलीत लिहिलेला 'क' सिंगापुरातही 'क'च दिसतो. माझ्या वडिलांच्या उमेदीच्या काळात तसं नव्हतं. तेव्हा फाँट करणाऱ्यांनी सरळ इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर मराठी चित्रं नेऊन बसवली होती. शंभर हा आकडा खरा इंग्रजी 'डी'चा, पण जुन्या फाँटमध्ये त्याच शंभरावर 'क' दिसायचा. तो फाँट असला तर सगळं छान, नसला तर बारशाचं आमंत्रणसुद्धा कुणी शिव्या दिल्यासारखं दिसतं. माझं काम म्हणजे प्रत्येक आकड्यासमोर खरं अक्षर मांडलेला तक्ता करायचा, त्यावरून फाइल बदलायची, आणि मग त्या लांबलचक माळेचे योग्य ठिकाणी तुकडे पाडून शब्द वेगळे करायचे. बाहेरून कंटाळवाणं वाटतं, पण मला आवडतं.

हे वेड मला आण्णांकडून आलं. आण्णा म्हणजे माझे वडील, भूपाल मगदूम. सांगलीच्या एका दैनिकात ते एकतीस वर्षं डीटीपी ऑपरेटर होते. छोट्या जाहिराती, हळदीचे भाव, निधनवार्ता, सगळं त्यांच्या बोटांखालून जायचं. जुन्या मराठी टाइपरायटरच्या मांडणीवर त्यांचा हात बसलेला होता. समोरच्याशी गप्पा मारत, कीबोर्डकडे न बघता ते पान भरून काढायचे.

त्यांची एक गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली असेल. एका उन्हाळ्यात त्यांच्या कीबोर्डची स्पेसची पट्टी मोडली. मालक नवा कीबोर्ड आणेनात. आण्णांनी काय करावं? दोन महिने ते दर दोन शब्दांच्या मध्ये उजव्या करंगळीने प्रश्नचिन्हाची कळ दाबत राहिले, आणि पान लावायच्या आधी सगळी प्रश्नचिन्हं एका फटक्यात काढून तिथे जागा सोडत राहिले. "निधनवार्तेत प्रश्न कुणी विचारत नाही गं, ती कळ मोकळीच असते," असं म्हणायचे. एके दिवशी तो फटका मारायचा राहून गेला आणि एका बड्या व्यापाऱ्याची निधनवार्ता शब्दागणिक प्रश्नचिन्ह घेऊन छापून आली. एवढं सांगेपर्यंत त्यांना हसू आवरायचं नाही आणि डोळ्यांतून पाणी यायचं.

मग मी शिकले, चोवीस वर्षांची झाले, आणि माझा पहिला मोठा प्रोग्राम मी त्याच दैनिकासाठी लिहिला. एकतीस वर्षांच्या फायली एका आठवड्यात नव्या आकड्यांवर आल्या. दैनिकाने जुना फाँट बंद केला. आता शाळांतून शिकवतात ती सरकारी कीबोर्डची मांडणी सगळ्यांना सक्तीची झाली. मी घरी येऊन ऐटीत म्हणाले, "आण्णा, तुमचा कीबोर्ड मेला आता. नवा शिका. पंधरा दिवस लागतील फार तर."

ते चार दिवस नव्या मांडणीवर बसले. पाचव्या दिवशी हात मांडीवर ठेवून म्हणाले, "त्रिशू, बोटं ऐकत नाहीत गं."

"बोटं ऐकत नाहीत की तुम्ही?" मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. त्या विषयावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. मी माफी मागायला हवी होती, ती आज मागू उद्या मागू करत राहून गेली.

गेल्या वर्षी जूनमध्ये आण्णांना मेंदूच्या बुडाशी झटका आला. जीव वाचला, पण अंगाची एकही हालचाल उरली नाही. बुबुळंही हलत नव्हती. परिचारिका पापण्या पट्टीने उघड्या ठेवून थेंब टाकायच्या, समोर येईल तेवढं ते बघत असतील तर बघत असतील. मिरजेच्या ज्या इस्पितळात ते होते तिथे 'लेखणी' नावाच्या यंत्राची चाचणी चालू होती. डॉक्टर निखत मुल्ला त्या विभागाच्या प्रमुख. माझ्याच वयाची, कमी बोलणारी, सरळ बाई. त्यांनी आईला आणि मला समोर बसवून सगळं समजावलं.

बोट हलवायचं मनात आलं की मेंदूच्या एका ठरलेल्या पट्ट्यात विजेची बारीक लहर उठते. हात लुळा पडला तरी ती लहर उठायची थांबत नाही. 'लेखणी' म्हणजे त्या पट्ट्यावर ठेवलेली पोस्टाच्या तिकिटाएवढी जाळी. फिजिओथेरपिस्ट रुग्णाचं एकेक बोट धरून वर-खाली हलवतो, जाळी त्या वेळच्या लहरी टिपते, आणि त्यावरून कुठली लहर कुठल्या बोटाची हे यंत्र शिकतं. नंतर रुग्णाने नुसतं मनात टाइप करायचं. कुठलं बोट कुठल्या ओळीत गेलं यावरून यंत्र कळ ओळखतं, कळीवरून आकडा, आकड्यावरून अक्षर, आणि ते अक्षर रुग्णाच्या डोळ्यांसमोर टांगलेल्या स्क्रीनवर उमटतं.

"अंगठ्याची लहर मात्र यांच्याकडून येत नाहीये," डॉक्टर मुल्ला म्हणाल्या. "बाकीची आठ बोटं उत्तम आहेत. टायपिंग येत होतं का त्यांना?"

"एकतीस वर्षं," मी म्हणाले. त्या फॉर्मवर 'टंकलेखन येते' यापुढच्या चौकटीत मी स्वतः बरोबरची खूण केली. कुठल्या मांडणीवर येतं ते फॉर्मने विचारलं नाही. मलाही सुचलं नाही, कारण माझ्या लेखी ती मांडणी पंधरा वर्षांपूर्वी मेली होती.

नियम एकच होता. जाळ्या मोजक्या, रांगेतले रुग्ण पुष्कळ. साठ दिवसांत ओळखता येईल असा एक शब्द आला तर जाळी रुग्णाकडे राहणार, नाहीतर काढून पुढच्याला देणार.

"एकच?" आईने विचारलं.

"एक पुरे," डॉक्टर म्हणाल्या. "एक शब्द म्हणजे आत माणूस आहे."

पहिल्या दिवशी त्यांनी आण्णांच्या कानाशी वाकून सांगितलं, "मगदूमकाका, तुमचं नाव लिहा." स्क्रीनवर आलं: फकैगकब. पुन्हा सांगितलं. पुन्हा फकैगकब. तिसऱ्यांदाही तेच. आईने माझा हात घट्ट धरला. डॉक्टर मुल्लांचा चेहरा उतरला. मेंदूला इजा झाली की कधीकधी बोटांची एखादी जुनी साखळी तेवढी फिरत राहते, असं त्यांनी सांगितलं. ती फिरते म्हणजे अर्थ असतोच असं नाही.

तीनदा मागितलं आणि तीनदा तेच सहा आकडे आले. कचरा असा नेमाने येत नसतो, हे मी दुसऱ्यांना शिकवते. तिथे माझ्या बापाचा चेहरा होता, म्हणून मी स्क्रीनकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं नाही.

आईचा दिनक्रम ठरला. सकाळी सांगलीहून पहिल्या बसने यायचं, दिवसभर आण्णांच्या उशाशी बसायचं, आणि ऊन कलताना घरी जायचं. लग्न झाल्यापासून तिने आणि आण्णांनी दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घातला नव्हता. आम्हा जैनांत पुष्कळ जण हे पाळतात, पण आण्णा फार कडक. दैनिकाची रात्रपाळी असायची तेव्हा चार वाजताच डबा खाऊन निघायचे आणि पहाटेपर्यंत पाण्यावर राहायचे. आईला घरी जाऊन अंधार पडायच्या आत दोन घास खायचे असत. मी पुण्याहून शनिवार-रविवारी यायची.

आदल्या दिवशी यंत्राने जे जे टिपलं ते आई रोज सकाळी छापून मागायची. बायका पोथी वाचतात तशी चष्मा लावून ती कागद वाचायची.

"त्रिशू, हे बघ," एका रविवारी ती म्हणाली. "रोज संध्याकाळी आठला हेच येतंय. रकृपॉह्के, रकृपॉह्के. उचकी लागल्यागत वाटतंय. हे ह्के ह्के काय असंल?"

"काही नाही गं आई. असंच येतं ते."

"असंच कसं? रोज आठलाच?"

"डॉक्टर म्हणाल्या ना, साखळी फिरते म्हणून," मी म्हणाले. तिने तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

चाळिसाव्या दिवसापासून प्रकार बदलला. एकेक अक्षर यायला लागलं, मध्ये चार-पाच सेकंद थांबून. ो, मग े, मग नुसता पाय मोडल्याची खूण. तासन्‌तास. यंत्राच्या रोजच्या अहवालात शब्दांच्या रकान्यात शून्य असायचंच, कारण यंत्र स्पेस दिसली की तुकडा पाडायचं आणि तो तुकडा शब्दकोशात शोधायचं. इथे अंगठाच नाही म्हणून स्पेस नाही, आणि दिवसभराचं सगळं मिळून एकच शब्द व्हायचा. जगातल्या कुठल्या कोशात सापडणार तो! ती एकेक काना-मात्रा उमटताना बघून आईला भडभडून यायचं. "लहान पोरासारखं करायला लागलेत," म्हणायची.

एकोणपन्नासाव्या दिवशी ती त्या स्क्रीनसमोर इतकी रडली की मला बघवेना. मी उठले आणि स्क्रीन भिंतीकडे फिरवली.

"राहू दे आता," मी म्हणाले. "यात काही नाही आई. उगाच स्वतःला त्रास करून घेऊ नकोस." त्या दिवसापासून कागद छापून घेणंही बंद केलं. मला वाटलं मी आईवर दया करते आहे.

साठावा दिवस बुधवार होता. मी रजा घेऊन आले होते. डॉक्टर मुल्ला सकाळी सव्वाअकराला फॉर्म घेऊन खोलीत आल्या. "तुमचं काय मत आहे?" त्यांनी मला विचारलं. "शंका असेल तर मी वरती बोलून आणखी आठ दिवस मागते. मिळतील असं वाटत नाही, पण मागते."

आण्णांचा पलंग माझ्यापासून दोन हातांवर होता. मी आवाज खाली करायचीही तसदी घेतली नाही.

"नको डॉक्टर. आण्णा आता तिथे नाहीत," मी म्हणाले आणि सही केली.

आम्ही त्यांना घरी आणलं. आई नळीतून पेज द्यायची, कूस बदलायची, बोलायची. एकोणीस दिवसांनी त्यांच्या छातीत कफ साठला आणि दोन दिवसांत ते गेले. बारा दिवसांनी घरातली पाहुणेमंडळी पांगली तेव्हा आईने ती पिशवी माझ्यासमोर ठेवली.

"यात चाळीस-पन्नास दिवसांचं आहे. पुढचं नाही. त्यांनी जे काय लिहिलं ते सगळं मला पाहिजे. छापून आण."

"आई, ते लिहिलेलं नाहीये गं."

"तुझ्यासाठी नसंल. मला पाहिजे."

मी डॉक्टर मुल्लांना फोन केला. त्यांनी त्याच दिवशी पूर्ण फाइल पाठवली. छापायला टाकण्याआधी किती पानं होतात ते बघावं म्हणून मी ती उघडली. डाव्या रकान्यात वेळ, उजव्या रकान्यात अक्षर, आणि मधल्या रकान्यात आकडे होते. पहिली ओळ पहिल्या दिवसाची. ७२ १०७ ११९ १०५ १०७ १२१.

मला तक्ता उघडावा लागला नाही. तो मी स्वतः केलेला होता, चोविसाव्या वर्षी, आण्णांच्या शेजारी बसून, त्यांना एकेक कळ विचारून. बहात्तर आणि एकशेसात मिळून 'भ'. एकशेएकोणीस म्हणजे ऊकार. एकशेपाच 'प'. मग काना. मग 'ल'.

भूपाल. नाव लिहा म्हटल्यावर त्यांनी पहिल्या फटक्यात, एकही चूक न करता, तीनदा नाव लिहिलं होतं, त्यांच्या जुन्या मांडणीवर; यंत्र त्याच कळा सरकारी मांडणीवर वाचत होतं.

पुढचं काम वीस मिनिटांचं होतं. पंधरा वर्षांत हजारदा केलेलं. आकडा घ्यायचा, तक्त्यात बघायचा, अक्षर ठेवायचं. तुकडे कुठे पाडायचे तेवढाच प्रश्न होता, कारण स्पेस कुठेच नव्हती. पण दर पाच-सहा आकड्यांनंतर ब्याण्णव येत होता. पाच, ब्याण्णव, चार, ब्याण्णव. उजव्या करंगळीची कळ. स्पेसची पट्टी मोडली तेव्हा प्रश्नचिन्ह. अंगठा गेला, आण्णांनी त्यांची ती उन्हाळ्यातली युक्ती काढली होती, आणि ती गोष्ट शंभरदा ऐकलेली पोरगी पलीकडे बसून मोबाइल बघत होती. मी प्रोग्रामला सांगितलं, ब्याण्णव दिसेल तिथे तोड. साठ दिवसांची ती माळ माझ्यासमोर शब्दाशब्दांत सुटी झाली.

मी ती वाचली. मध्येच उठून न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडात टॉवेल धरून ओरडले. मग परत येऊन बसले.

आईपासून लपवायचं नाही हे मी ठरवलं. लपवायचा अधिकार मला उरलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर बसले. आधी सगळं समजावून सांगितलं. तिला आकडे कळले नसतील, पण एवढं कळलं की तो माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर होता. ती रडली नाही. "वाच," म्हणाली.

मी वाचत गेले. पाचवा दिवस: खिडकी लावा वारं लागतंय. नववा: सुनंदा जेवलीस का. बारावा: सुनंदा तुझा चष्मा बदल कागद नाकाला लावतेस. सुनंदा म्हणजे आई. तिने चष्मा काढून हातात धरला.

"आणि ते आठचं?" तिने विचारलं.

मी पान उलटलं.

"त्रिशू. ते रोज आठचं काय होतं?"

"रात्री नको," मी म्हणाले.

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. इस्पितळात नळीतून अन्न द्यायची शेवटची वेळ रात्री आठची होती. आई तेव्हा घरी आलेली असायची, आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं पाळलेला नेम रोज त्यांच्या डोळ्यांदेखत मोडला जात होता आणि ते रोज नको म्हणत होते.

"साठ दिवस?" तिने विचारलं.

"हो."

"घरी आणल्यावर तर मी उजेडातच देत होते," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "पाच वाजायच्या आत. रोज." आणि मग बराच वेळ तेच पुन्हापुन्हा म्हणत राहिली. पाच वाजायच्या आत, रोज.

पुढचं माझ्यासाठी होतं. बाविसाव्या दिवशी त्यांना उमगलं होतं. समोर स्क्रीनवर आपलं लिहिणं कचरा होऊन येतंय, आणि तसला कचरा त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिला होता. दुसऱ्या मांडणीवर गेलं की असं होतं, हे त्यांनी पडल्यापडल्या ओळखलं. बाविसाव्या दिवशी लिहिलं: त्रिशू मांडणी वेगळी आहे. तेविसाव्या दिवशी: त्रिशू आकडे बघ. आणि मग एकोणचाळिसाव्या दिवसापर्यंत तेच. मी खोलीत असो नसो. मोजायला नको होतं, पण मोजलं. एकशेचौदा वेळा. त्रिशू आकडे बघ.

चाळिसाव्या दिवशी त्यांनी माझी वाट बघणं सोडलं. त्या दिवसापासून एकेक कळ, क्रमाने, मधल्या ओळीवर डाव्या करंगळीपासून सुरू करून. टायपिंगच्या क्लासात पहिल्या दिवशी हाच धडा गिरवून घेतात. कळ दाबायची, स्क्रीनवर काय येतं ते बघायचं, ध्यानात ठेवायचं. आई ज्याला लहान पोरासारखं म्हणत होती ते हे होतं. एकाहत्तर वर्षांचा माझा बाप कीबोर्ड नसताना, बोटं नसताना, नवी मांडणी शिकायला बसला होता.

एकोणपन्नासाव्या दिवशी जुन्याच मांडणीत: स्क्रीन इकडं कर. पन्नासाव्या दिवशी: त्रिशू स्क्रीन इकडं कर शिकतोय. मग तेही थांबलं आणि पुन्हा एकेक कळ सुरू झाली. आता समोर भिंतीसारखी स्क्रीनची पाठ होती.

"आणि शेवटी?" आई म्हणाली. "शेवटच्या दिवशी काय म्हणाले?"

"शेवटच्या दिवशी काही नाही गं. सगळी भेळ आहे. मी तीनदा तपासलं. थकले असतील." आणि ते खरं होतं. माझ्या तक्त्यातून साठाव्या दिवसाचं जे आलं ते 'डिादं' असलं काहीतरी होतं. मला तर त्यातल्या त्यात बरंच वाटलं होतं. सही केली तेव्हा तरी ते नव्हते, असं मनाला समजावायला तेवढी फट होती.

आई उठली. मी तिच्यासाठी मूळ फाइलही छापून आणली होती, ती मागत होती तशी, न बदललेली. तिने त्या गठ्ठ्यातलं शेवटचं पान काढलं, खिडकीत उजेडाला धरलं आणि नेहमीप्रमाणे कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागली. मी तक्ता पुन्हा उघडून बसले होते. कुठे काही चुकलं असेल का ते आकड्यांत शोधत होते.

"त्रिशू," ती म्हणाली. "हे तर मला वाचता येतंय."

मी वर पाहिलं.

"इथं. दोन्हीकडं ती चंद्रकोर आहे बघ, मधलं वाच. सरळ लिहिलंय."

मी तिच्या बोटाखाली पाहिलं. ॉशिकलोॉ.

शिकलो.

ते नव्या मांडणीत होतं, म्हणून माझ्या तक्त्याने त्याचा कचरा केला. दोन्ही बाजूंना स्पेसऐवजी करंगळीची तीच ब्याण्णवची कळ होती, जिची नव्या मांडणीत चंद्रकोर होते, म्हणून यंत्राच्या कोशाला तो शब्द सापडला नाही. कुणाही साक्षर माणसाने नुसतं डोळ्यांनी पान वाचलं असतं तर पुरे होतं. डाव्या रकान्यात वेळ होती. साठावा दिवस, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. त्यानंतर दहा-पाच मिनिटांनी पुन्हा तोच शब्द. अकरा वाजता पुन्हा. अकरा वाजून सोळा मिनिटांनी, म्हणजे मी 'आण्णा आता तिथे नाहीत' म्हणाले त्यानंतर, पुन्हा एकदा: ॉशिकलोॉगॉ. शिकलो ग.

"काय शिकले गं?" आईने विचारलं.

मला सांगावं लागलं. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात मी काय म्हणाले होते ते, आणि ते काय म्हणाले होते ते. आई तेव्हा तिथेच भाकऱ्या थापत होती, तिला सगळं आठवत होतं. तरी तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग पान माझ्या हातात दिलं.

"पंधरा दिवस लागतील म्हणाली होतीस," ती म्हणाली.

"हो."

त्यांना वीस लागले. त्यांतले अकरा मी भिंतीकडे फिरवलेल्या स्क्रीनमागे.